खरेदी आदेशात जोडणीच्या तारेलाही चार ओळी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीचे आठवडे शाळा-महाविद्यालये, ग्रामपंचायती आणि पतसंस्थांच्या संगणक खरेदीचे असतात. भिंतीएवढी टच पॅनेल येतात, प्रोजेक्टर येतात, बारकोड स्कॅनर आणि ठसे घेणारी यंत्रे येतात. नारळ फुटतो आणि थोड्याच दिवसांत ‘पॅनेल बिघडले’, ‘स्क्रीन येतच नाही’ अशा तक्रारी सुरू होतात. पुष्कळदा पॅनेलही ठणठणीत असते आणि संगणकही. दोष असतो त्यांच्या मधल्या तारेत. ती कोणती, किती लांब आणि कोणत्या दर्जाची हवी हे आदेशात कुणी लिहिलेलेच नसते, तिथे नुसते ‘केबलसह’ असते. नागपूर शहर-जिल्ह्यातल्या संस्थांनी यंदा तो शब्द खोडून नेमक्या चार ओळी लिहाव्यात, यासाठी हे पत्र.

सर्वांत जास्त घोळ टचचा होतो. एचडीएमआय केबलच्या १९ पिनांतून चित्र आणि आवाज पॅनेलकडे जातात. बोट कुठे टेकले ही माहिती मात्र पॅनेलकडून संगणकाकडे यायची असते आणि तिच्यासाठी वेगळी यूएसबी केबल लागते. पॅनेलच्या कडेला प्रिंटरवर असते तसे चौकोनी यूएसबी-बी सॉकेट असते, शेजारी ‘टच’ असे छापलेले असते. अनेक पॅनेलवर अशी दोन-तीन सॉकेट असतात आणि प्रत्येकाची जोडी ठरावीक एचडीएमआय पोर्टशी असते. चित्र एचडीएमआय २ मधून आणि यूएसबी मात्र टच १ मध्ये, अशी जोडणी झाली की चित्र झकास दिसते पण बोट फिरवून काही हलत नाही. कंपनीचा माणूस येतो, वायर बदलून बसवतो आणि भेटीचे शुल्क लावून जातो.

दुसरी अडचण लांबीची. साधी यूएसबी २.० केबल ५ मीटरपर्यंतच धरायची. फळ्यापासून शिक्षकांचे टेबल, तिथून खाली जमिनीतली पट्टी आणि पुन्हा वर, असे मोजले तर साध्या वर्गातही ८-१० मीटर सहज भरतात. मग दोन एक्स्टेंशन एकमेकांत खोचली जातात. टच थोडा वेळ चालतो, कूलर सुरू झाला की सुटतो आणि विंडोज ‘यूएसबी डिव्हाइस ओळखता आले नाही’ असे सांगते. ५ मीटरच्या पुढे आत रिपीटर चिप असलेली ॲक्टिव्ह यूएसबी केबल घ्यावी. त्याहून लांब जायचे असेल तर कॅट-६ या नेटवर्कच्या वायरीवर चालणारा यूएसबी एक्स्टेंडर घ्यावा, तोही दोन्ही टोकांना वीज देणारा.

टेबलावर मॉनिटर आणि भिंतीवर पॅनेल असे दोन पडदे असतील, तर आणखी एक गंमत घडते. पॅनेलवर बोट ठेवले की बाण टेबलावरच्या मॉनिटरवर हलतो. याला दुरुस्ती लागत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘टॅब्लेट पीसी सेटिंग्ज’ उघडून ‘सेटअप’ दाबावे. ज्या पडद्यावर सूचना येईल तो टचचा नसेल तर एंटर दाबावे, टचचा असेल तर त्यावर बोट टेकवावे. मिनिटाभराचे काम आहे.

आता एचडीएमआयकडे. साध्या फुल एचडी चित्राला, म्हणजे १९२० बाय १०८० ला, सेकंदाला ६० चित्रे धरून साधारण ४.५ गिगाबिट वेग लागतो. ४के चित्राला त्याच्या चौपट, जवळपास १८ गिगाबिट. १८ गिगाबिटची क्षमता एचडीएमआय २.० मध्ये, २०१३ साली आली. त्याआधीच्या १.४ मध्ये १०.२ गिगाबिटच होते, म्हणून जुन्या संगणकावर ४के निवडले तर ते सेकंदाला ३० चित्रांवर येऊन थांबते आणि माऊस जडावल्यासारखा सरकतो. तांब्याच्या केबलवर ४के साठच्या वेगाने न्यायचे तर ५ मीटरच्या आत राहावे. फुल एचडी चांगल्या जाड केबलवरून १०, क्वचित १५ मीटरपर्यंत जाते. त्यापुढे चित्र हळूहळू फिके होत नाही. आधी पांढरे ठिपके चमकतात, मग पडदा सेकंद-दोन सेकंद काळा होऊन परत येतो आणि शेवटी ‘नो सिग्नल’. निदान सोपे आहे. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जाऊन ४के वरून फुल एचडीवर या. चित्र स्थिर झाले तर दोष केबलचा धरा आणि पॅनेल उघडू देऊ नका.

केबलवर ‘८के’, ‘गोल्ड प्लेटेड’, ‘प्रो’ असे काहीही छापलेले असते, त्याला फारसा अर्थ नाही. सोन्याचा मुलामा गंज टाळतो, वेग वाढवत नाही. पाहायचे ते प्रमाणपत्राचे लेबल. ४के ६० साठी ‘प्रीमियम हाय स्पीड’, त्यावरच्या कामासाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’. अस्सल केबलच्या खोक्यावर मोबाइलने तपासता येणारे लेबल असते. सीताबर्डीच्या दुकानांत दोन्ही प्रकारचा माल मिळतो. लेबल मागितले की दुकानदारही बरोबर डबा काढून देतो.

१५ मीटरच्या पुढे दोन मार्ग. पहिला ऑप्टिकल एचडीएमआय. ही केबल बारीक असते, लांब जाते, पण तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेले असते आणि उलट लावली तर चित्र अजिबात येत नाही. भिंतीत उलटी ओढून वर प्लास्टर झाल्याची उदाहरणे या शहरात कमी नाहीत. ओढण्याआधी जमिनीवर पसरून, दोन्ही टोके जोडून, चित्र पाहून मगच ती पाइपात घालावी. दुसरा मार्ग एचडीबेसटी, म्हणजे एकाच कॅट-६ वायरवरून चित्र, आवाज आणि नियंत्रण. फुल एचडी १०० मीटरपर्यंत जाते. मात्र ती वायर थेट पाठवणाऱ्या खोक्यापासून घेणाऱ्या खोक्यापर्यंत गेली पाहिजे, मध्ये नेटवर्क स्विच चालत नाही. कॅट-६ सुद्धा शुद्ध तांब्याची हवी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेली स्वस्त वायर भरपूर आहे. पातीने खरवडून पाहावे, आत पांढरी निघाली तर परत करावी.

बांधकाम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एचडीएमआयचा प्लग जवळपास २ सेंटिमीटर रुंद असतो. विजेसाठी टाकतात त्या २० किंवा २५ मिलिमीटरच्या पाइपात तो अडकतो, कोपऱ्यात तर नक्कीच. पडद्याच्या मागे जाणारा पाइप निदान ३२ मिलिमीटरचा, काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड लावलेला, आणि आत ओढतार सोडलेला असावा. विजेची मुख्य तार त्याच पाइपात नको.

अडॅप्टरचा, म्हणजे बाजारभाषेत कन्व्हर्टरचा, विषय निघाला की सगळ्यांचा समज असतो की दोन टोके जुळली म्हणजे काम झाले. तसे नाही. ऑफिसच्या डेस्कटॉपला मागे बहुधा डिस्प्लेपोर्ट असतो आणि पॅनेलला एचडीएमआय. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढणे सोपे, कारण बहुतेक संगणकांचा डिस्प्लेपोर्ट स्वतःच एचडीएमआयचे संकेत देऊ शकतो. तीच केबल उलटी, म्हणजे लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट मॉनिटरकडे, लावली तर काहीही दिसत नाही. त्यासाठी यूएसबीवरून वीज घेणारा वेगळा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो.

डिस्प्लेपोर्टच्या स्वस्त केबलींत एक खोड असते आणि ती संगणक दुरुस्तीला आणणाऱ्यांना कधीच सुचत नाही. या जोडणीच्या २० पिनांपैकी विसाव्या पिनेवर ३.३ व्होल्टची वीज असते. ती अडॅप्टरला पुरवण्यासाठी आहे. दोन टोकांच्या साध्या केबलमध्ये ही पिन जोडलेली असता कामा नये, तसे मानकातच आहे. काही उत्पादक ती जोडून टाकतात. मग मॉनिटरची वीज उलटी संगणकात शिरते. संगणक बंद असतानाही मदरबोर्डवरचा दिवा मंद पेटतो, बटण दाबल्यावर तो सुरू होत नाही किंवा दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला होतो. पॉवर सप्लाय बदलला जातो, रॅम पुसली जाते, तरी दुखणे तसेच. मॉनिटरची केबल काढून संगणक सुरू करून पाहावा. झाला तर ती केबल कचऱ्यात. केबल काढताना प्लगवरचा खटका दाबायला विसरू नये, ओढाताणीत सॉकेट मदरबोर्डवरून उखडते.

व्हीजीए हा चित्राचा जुना पोर्ट म्हातारा झाला असला, १९८७ चा आहे तो, तरी जिल्ह्यातल्या कितीतरी प्रोजेक्टरना अजून तोच लागतो. त्याच्या १५ पिनांपैकी पहिल्या तीन लाल, हिरवा, निळा रंग नेतात. चित्र पिवळसर दिसले तर निळ्याची पिन वाकली, जांभळट दिसले तर हिरव्याची, आकाशी झाक आली तर लालची. प्रोजेक्टरचा दिवा बदलायचा विचार त्यानंतर करावा. नववी पिन मात्र अनेक केबलींत मुळातच नसते, तो दोष नव्हे. १२ आणि १५ क्रमांकाच्या पिना पडद्याची ओळख संगणकाला सांगतात. त्या तुटल्या तर चित्र येते, पण १०२४ बाय ७६८ च्या वर जात नाही. एचडीएमआयमधून व्हीजीए काढणारा छोटा कन्व्हर्टर लॅपटॉपच्याच पोर्टमधून वीज घेतो. पोर्टने किमान ५५ मिलिअँपिअर देण्याचे बंधन आहे, त्याहून जास्तीची हमी नाही. त्यामुळे एका लॅपटॉपवर चालणारा कन्व्हर्टर दुसऱ्यावर लुकलुकतो. बाजूला वेगळी वीज देण्याचे भोक असलेलाच घ्यावा, आणि आवाजासाठी ३.५ मिलिमीटरची वायर वेगळी टाकावी, कारण व्हीजीएतून आवाज जात नाही.

नवे लॅपटॉप यूएसबी-सीचे. तिथे दोन ठिकाणी फसगत होते. पोर्ट २४ पिनांचा दिसला म्हणजे त्यातून चित्र निघतेच असे नाही, शेजारी डिस्प्लेपोर्टचे किंवा थंडरबोल्टचे चिन्ह आहे का ते बघावे. आणि मोबाइल चार्जरसोबत आलेली यूएसबी-सी केबल दिसायला तीच असली, तरी तिच्यात चित्र नेणाऱ्या वेगवान तारांच्या जोड्याच बहुधा नसतात. लॅपटॉप चार्ज होतो, पॅनेल काळेच राहते.

सभागृहात एकाच संगणकावरून पॅनेल आणि जुना प्रोजेक्टर दोन्ही चालवायला स्प्लिटर लावतात. साधा स्प्लिटर सहसा दोन्ही पडद्यांना जमेल असे समान रिझोल्यूशन धरतो, म्हणून लाखाच्या पॅनेलवरही जुन्या प्रोजेक्टरचेच धुरकट चित्र दिसते. प्रत्येक बाजूला वेगळे रिझोल्यूशन देणारा, म्हणजे स्केलर असलेला, स्प्लिटर मागावा.

नागपूरचा उन्हाळा या सगळ्यात भर घालतो. काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. संगणकाच्या आणि पॅनेलच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसले की त्यांच्यामुळे धातूच्या भागांवर ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. प्रवाह अगदी कमी, हाताला झिणझिण्या येण्याइतका, पण चालू यंत्रात एचडीएमआय खोचताना ठिणगी पडून पोर्टची चिप उडायला तेवढा पुरतो. म्हणून पॅनेल आणि संगणक एकाच अर्थिंगवर असावेत, आधी केबल लावावी आणि मग दोन्हीचे स्विच सुरू करावेत. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजून घ्यावा, २-३ व्होल्टच्या वर गेला तर आधी वायरिंग आणि खड्डा पाहावा. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी घालणे हे शिपायाच्या कामाच्या यादीत असायला हरकत नाही. आणि कूलरचे तोंड पॅनेलच्या जोडण्यांकडे नको. दमट हवेने व्हीजीए आणि सिरियल पोर्टच्या पिना हिरव्या पडतात. त्या आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसाव्यात, पेट्रोल किंवा थिनरने प्लास्टिक चिरते.

पडद्यांखेरीजच्या यंत्रांचे प्रश्न निराळे, आणि त्यातले काही खास आपल्या भाषेचे. ग्रंथालयातला बारकोड स्कॅनर संगणकाच्या दृष्टीने एक कीबोर्डच असतो, तो अक्षरे पाठवत नाही, कळा दाबतो. संगणकावर त्या क्षणी मराठी इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड सुरू असेल, तर बारकोडमधल्या इंग्रजी ‘के’च्या जागी ‘ख’ आणि ‘एच’च्या जागी ‘फ’ उमटतो आणि पुस्तक सापडत नाही. स्कॅनर खराब झाला म्हणून तो बदलला जातो, नवाही तेच करतो. विंडोज आणि स्पेसबार दाबून आधी इंग्रजीवर यावे. कायमचा उपाय हवा असेल तर विंडोजच्या प्रगत कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक प्रोग्रामला वेगळी भाषा ठेवण्याचा पर्याय निवडावा, किंवा माहितीपुस्तिकेतला बारकोड वाचवून स्कॅनर सिरियल पद्धतीवर, म्हणजे कळा न दाबता थेट अक्षरे पाठवण्यावर, न्यावा. कॅप्स लॉक सुरू असेल तर मोठ्या लिपीची अक्षरे छोटी होतात, तेही तपासावे. मोबाइलच्या पडद्यावरचे क्यूआर वाचायचे असतील तर लेझर स्कॅनर उपयोगाचा नाही, कोडचे छायाचित्र घेऊन वाचणारा २डी इमेजर घ्यावा लागतो.

थर्मल प्रिंटरवर मराठी पावती हवी असेल, तर तीही आदेशात स्वतंत्र लिहावी. हे प्रिंटर आतल्या ठरावीक अक्षरसंचातून छापतात, त्यात जोडाक्षरे नसतात आणि ‘श्री’च्या जागी प्रश्नचिन्हे येतात. सॉफ्टवेअरने मजकूर चित्र म्हणून पाठवला पाहिजे. ८० मिलिमीटरच्या कागदावर एका ओळीत ५७६ ठिपके मिळतात, ५८ च्या कागदावर ३८४. रफार, अनुस्वार आणि उकार नीट दिसायला रुंद कागदच बरा. ड्रायव्हरमध्ये कागदाची रुंदी चुकली तर रकमेचे शेवटचे आकडे कापले जातात, आणि ते वसुली जुळेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. प्रिंटरच्या मागे गल्ला उघडणाऱ्या वायरचे एक सॉकेट असते, ते टेलिफोनच्या सॉकेटसारखे दिसते पण त्यातून २४ व्होल्ट येतात. तिथली वायर नेटवर्कच्या सॉकेटमध्ये खोचू नये. आणि पावत्या टिनाच्या छपराखाली किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत. उष्णतेने कागद काळवंडतो, प्लास्टिकमधल्या रसायनाने अक्षर पुसले जाते. लेखापरीक्षणासाठी पावतीची झेरॉक्स जोडावी.

कळमन्याच्या बाजारात किंवा धर्मकाट्यावर वजनाचे आकडे संगणकात घेताना काट्याच्या ९ पिनांच्या सिरियल पोर्टशी गाठ पडते. दुसरी पिन घेण्याची, तिसरी पाठवण्याची, पाचवी ग्राउंडची. दोन्हीकडे पाठवणारी पिन एकाच क्रमांकावर आली तर संगणकाला एकही आकडा मिळत नाही, तेव्हा २ आणि ३ उलटसुलट जोडणारी केबल घ्यावी. आकड्यांऐवजी चित्रविचित्र खुणा आल्या तर वेग जुळलेला नाही. काट्यावर ९६०० असेल तर संगणकातही तोच हवा. यूएसबीचा कन्व्हर्टर दुसऱ्या पोर्टमध्ये लावला की ‘कॉम’चा, म्हणजे संगणकाने त्या सिरियल पोर्टला दिलेला, क्रमांक बदलतो आणि हंगामाच्या ऐन गर्दीत वजन येणे थांबते. पोर्टवर खूण करून ठेवावी, किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन जुना क्रमांक परत द्यावा.

आधारसाठी ठसे घेणाऱ्या यंत्राला नुसता ड्रायव्हर पुरत नाही, त्याची आरडी सर्व्हिस, म्हणजे आधारसाठी नोंदलेल्या यंत्राचे सॉफ्टवेअर, चालू लागते. ती संगणकाच्या आत १११०० ते १११२० या पोर्ट क्रमांकांवर बोलते. अँटिव्हायरसने तो रस्ता अडवला तर दिवा पेटतो, पण ‘डिव्हाइस नॉट रेडी’ येते.

अंध विद्यार्थ्यांसाठी ब्रेल डिस्प्ले घेणाऱ्या संस्थांनी २०१८ साली ठरलेल्या एचआयडी ब्रेल मानकाचे यंत्र मागावे, म्हणजे प्रत्येक कंपनीच्या ड्रायव्हरमागे धावावे लागत नाही. एनव्हीडीए हे पडदावाचक सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात मराठी ब्रेलचा तक्ता आहे. यंत्राच्या प्रत्येक घरात ८ टिंबे वर-खाली होतात. धूळ आणि बोटांचे तेल साचले की ती अडकतात, म्हणून झाकण आणि हात धुण्याची शिस्त हवी. ४० घरांच्या यंत्रात एक टिंब अडले तरी अख्खे अक्षर चुकते.

आता त्या चार ओळींविषयी. शासकीय खरेदी जेम पोर्टलवरून होत असेल तर बोलीत खरेदीदाराच्या अतिरिक्त अटी जोडण्याची सोय आहे, तिथे पुढच्या चार ओळी लिहिता येतात. संगणक आणि पडदा यांतील प्रत्यक्ष तारमार्ग मोजून त्यात २ मीटर मिळवलेली लांबी. दोन्ही टोकांच्या पोर्टांची नावे, ‘डेस्कटॉपकडे डिस्प्लेपोर्ट, पॅनेलकडे एचडीएमआय’ अशी. ४के, सेकंदाला ६० चित्रे, आणि प्रमाणपत्राचे लेबल. टचसाठी त्याच लांबीची वेगळी यूएसबी केबल, ५ मीटरच्या वर ॲक्टिव्ह. एवढे लिहिले की दर देणाऱ्याला स्वस्त केबल गुपचूप घालता येत नाही, आणि सर्वांचे दर एकाच मालाचे येतात.

स्वीकृतीची चाचणी अर्ध्या तासात होते. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये ३८४० बाय २१६० आणि ६० हर्ट्झ दिसले पाहिजे. टच चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी तपासावा, आवाज पॅनेलमधून येतो का ते ऐकावे. कूलर, पंखे, ट्यूबलाइट सगळे सुरू ठेवून पूर्ण पडद्यावर दहा मिनिटे व्हिडिओ चालवावा. मग मुख्य स्विच बंद करून पाच मिनिटांनी सुरू करावा आणि चित्र व टच आपोआप परत येतात का पाहावे. हे सगळे भिंतीत बसवलेल्या कायमच्या केबलवर झाले पाहिजे. अभियंत्याने बॅगेतून आणलेली दीड मीटरची केबल लावून दाखवलेली चाचणी धरू नये आणि तोवर देयकावर सही करू नये.

आपले,
संगणक जोडणी व दुरुस्तीचे काम करणारे काही तंत्रज्ञ
सीताबर्डी, नागपूर